शुक्रवारची गुणसूत्रं

भिवंडीत शुक्रवार हा मागांच्या सुट्टीचा दिवस. बाकीचे दिवस गाव अक्षरशः हलत असतं. आमच्या घरामागच्या गल्लीत यंत्रमागांचे कारखाने होते, आणि त्यांची थरथर जमिनीतून, जोत्यातून, टेबलाच्या पायांतून वर यायची. तांब्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची. आम्हाला त्याची इतकी सवय, की माग थांबले की तान्ही मुलं झोपेतून दचकून उठायची. सूक्ष्मदर्शकाला मात्र असली सवय होत नाही. एखादी गोष्ट हजारपट मोठी करून पाहताना टेबलाचा हादराही हजारपट होतो. आठवडाभर माझी गुणसूत्रं ओढ्यातल्या शेवाळासारखी डोलत राहायची. शुक्रवारी ती स्थिर व्हायची. ऐंशीच्या दशकातली माझी जवळजवळ सगळी विद्या अशी शुक्रवारी घडली.

मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेतली नोकरी सोडून मी गावी परत आले, ती वडिलांच्या आजारपणामुळे. वडील शाळामास्तर होते. ते गेल्यावरही मी मुंबईला परतले नाही. त्यांच्या शिकवणीच्या खोलीत, फळा भिंतीवर तसाच ठेवून, मी प्रयोगशाळा थाटली. माणसाची गुणसूत्रं पाहणारी या भागातली पहिली बाई म्हणून पुढे माझे सत्कार झाले, हार पडले. पहिली असण्याचं गमक एवढंच, की माझ्याआधी इथे कोणी आलं नव्हतं. गावाला मी रक्त काढणारी बाई म्हणूनच माहीत होते. शेजारच्या काकू तर बरीच वर्षं समजत होत्या, की मी साखर तपासते.

काम काय होतं, ते सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत सूक्ष्म दोऱ्यांचा गुंता असतो. आईकडून निम्मे दोरे, बापाकडून निम्मे. एरवी तो गुंता दिसत नाही. पेशी दुभंगायला निघाली की घटकाभर दोरे आखडतात, जाड होतात आणि वेगवेगळे दिसू लागतात. तीच गुणसूत्रं. तेवीस जोड्या, एकूण शेचाळीस. ती घटका पकडणं हा माझा धंदा. थोडं रक्त घ्यायचं, बाटलीतल्या पोषक द्रवात घालायचं, त्यात घेवड्याच्या बियांचा अर्क टाकायचा. त्या अर्काने पांढऱ्या पेशींना वाढीची हुक्की येते. मग बाटली तीन दिवस अंगाच्या उबेला ठेवायची. तिसऱ्या दिवशी, पेशी ऐन दुभंगायच्या बेतात असताना, एक विष घालून त्यांना जागच्या जागी थांबवायचं. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणांवर कळलावीची लालपिवळी फुलं येतात ना, तिच्या कंदातही हेच विष असतं. वज्रेश्वरीच्या वाटेवर ती फुलं दिसली की मला अजूनही ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटतं. मग पेशी पाण्याने फुगवायच्या आणि हातभर उंचीवरून गार काचेवर थेंब सोडायचा. पेशी फुटते आणि गुणसूत्रं अंगणात सांडलेल्या प्राजक्तासारखी पसरतात.

त्यांचे फोटो काढायचे. फोटोंचे कागद करून द्यायचे यासीनभाई. कोकणी मुसलमान, बाजारपेठेत त्यांचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ होता. पहिल्यांदा त्यांनी ओला कागद चिमट्याने वर धरला आणि म्हणाले, "बाई, ह्या आळ्या कसल्या?"

"आळ्या नाहीत, यासीनभाई. माणूस आहे."

त्यांनी कागद उलटा करून पाहिला. "सुभानल्ला. तोंड कुठंय?"

पुढे ते शुक्रवारची नमाज आटपून थेट माझ्याकडे यायला लागले. मी कात्रीने एकेक गुणसूत्र कापायची आणि ते उंचीप्रमाणे जोड्या लावायचे. त्यांची नजर माझ्याहून बरी होती, असं मी उगीच म्हणणार नाही. पण हात स्थिर होता आणि विनोदबुद्धी शाबूत. "लग्नात बरं असतं," ते म्हणायचे, "जोड्या आधीच उभ्या असतात. तुमच्याकडं मला लावायला लागतात."

त्या दुपारी मला स्वप्नात असल्यासारख्या आठवतात. बाहेर गल्ली शांत, उन्हात वाळत घातलेल्या सुताच्या लडी, हवेत तरंगणारा कापसाचा भुसा, आणि खिडकीजवळच्या टेबलावर कुणाच्या तरी पणजोबाकडून आलेला एक दोरा, हलकेच वाकलेला. मला वाटायचं, आपण जुन्या काळात डोकावतोय, फक्त तो काळ रक्तात भिजवून कुणी इथे पाठवून दिलाय.

हे सुख मात्र फार टिकलं नाही. ऐंशीचं दशक उलटायच्या आतच लोकांना कळलं, की गुणसूत्रांवरून पोटातलं मूल मुलगा की मुलगी हेही दिसतं. मग माझ्या दारात गाड्या उभ्या राहू लागल्या. ठाण्याहून, कशेळीच्या पुलावरून, वडप्याच्या नाक्यावरून. चांगली शिकलेली, हात जोडणारी माणसं. "मॅडम, फक्त एवढं सांगा." मी नाही म्हणायची. कायदा नंतर आला. तोवर नाही म्हणणं एवढंच माझ्या हातात होतं. दुसरीकडे हो म्हणणारे पुष्कळ होते. ज्या विद्येवर मी जीव टाकला, तिचा गावात बोभाटा झाला तो त्या एका कामासाठी. गर्भाच्या पाण्याच्या तपासण्या मी अखेर पूर्ण बंद केल्या. ज्यांना त्यांची खरोखर गरज होती, तेही त्यामुळे मुंबईच्या खेपा घालत राहिले. त्याची रुखरुख आहे. राहील.

पण मला सांगायचंय ते सुलभाचं.

ती आली तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. माहेर अकलोलीचं, सासर इथलंच, भिवंडीतलं. नवरा दत्ता मागांचा फिटर. बिघडलेला माग नुसता ऐकून दुरुस्त करतो अशी त्याची ख्याती. कडेवर तीन वर्षांची सोनी होती. डोळे किंचित तिरपे, जीभ जराशी बाहेर, मान अजून पुरती धरत नव्हती. तिच्याआधी आणि तिच्यानंतर सुलभाला दिवस गेले, ते प्रत्येक वेळी अर्ध्यावरच संपले होते. सरकारी दवाखान्यातल्या कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं.

"सासू म्हनते माझी कूस नासकी हाय," ती म्हणाली. आवाजात तक्रारही नव्हती. गावाचं नाव सांगावं तसं तिने ते सांगितलं.

मी सोनीचं रक्त घेतलं. एकविसाव्या जोडीतलं एक गुणसूत्र तिच्यात जादा होतं आणि ते चौदाव्या जोडीतल्या एकाला चिकटून बसलं होतं. अशी चिकटलेली जोडगोळी सहसा दिसत नाही. ती कधी आपली आपण घडते, कधी आईकडून येते, कधी बापाकडून. ज्याच्याकडून येते तो माणूस स्वतः धडधाकट असतो. त्याच्यात जादा काहीच नसतं, दोन दोरे फक्त एकमेकांना जोडलेले असतात. मुलांना वाटून देताना मात्र घोटाळा होतो. मग काही मुलं पोटातच जातात, काही सोनीसारखी येतात आणि काही अगदी ठीक निघतात.

सुलभाचं रक्त पाहिलं. शेचाळीस, स्वच्छ, सुटी. तिला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "मंग आता?"

"आता दत्ताभाऊंचं."

दत्ता येईना. तोवर सासूने, अनसूयाबाईंनी, सुलभाला सोनीसकट अकलोलीला धाडून दिलं होतं. काडीमोडाची बोलणी चालली होती आणि दत्तासाठी पडघ्याकडची एक मुलगी पाहून ठेवली होती. संक्रांत झाली की बैठक, असं ठरलं होतं. शेवटी यासीनभाईंनीच दत्ताला गाठलं. त्याच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते. एका मंगळवारी सकाळी दत्ता ड्युटीवर जाता जाता आला, बाही वर केली आणि भिंतीवरच्या फळ्याकडे बघत राहिला.

"एकदाच देतो मॅडम. परत बोलवू नका. कारखान्यात हसतात."

मी दोन बाटल्या भरल्या. उबवणीच्या पेटीत ठेवल्या. शुक्रवारी माग बंद असताना पाहायचं, असा हिशेब.

गुरुवारी सकाळी आमच्या भागाचं रोहित्र जळालं. वीज गेली. शुक्रवार लागायच्या आधीच गल्ली गप्प झाली, पण त्या शांततेचं मला काही करता येईना. पेटी गार होत चालली होती. पौष महिना, भिवंडीला शोभणार नाही अशी थंडी. स्टोव्हवर पाणी कोमट करून त्यात बाटल्या धरल्या. पारा खाली जातो म्हणून वात वाढवली, तर तो एकदम चढला आणि एका बाटलीतल्या पेशी उकडून गेल्या. दुसरी मी पटकन काढली, पदरात गुंडाळली आणि तशीच उभी राहिले. मुंबईच्या जुन्या संस्थेत फोन लावावा, तर फोनही मुका.

त्याच वेळी सुलभा दारात आली. दत्ताने रक्त दिल्याचं कानावर आलं म्हणून, निकाल लागला का विचारायला सकाळच्या एसटीने आली होती. मी तिला खरं ते सांगितलं. नवऱ्याचं रक्त या बाटलीत आहे, जिवंत आहे, उद्या सकाळपर्यंत त्याला अंगाएवढी ऊब हवी, आणि ती द्यायला माझ्याकडे काही नाही.

तिने हात पुढे केला. "आना इकडं."

बाटली रुमालात गुंडाळून तिने पोटाशी ठेवली, वरून लुगड्याचा पदर आवळला आणि भिंतीला टेकून बसली. मी थर्मामीटर लावून पाहिला. पारा जिथे हवा तिथे होता. मला हसू आलं आणि लगेच ओसरलं.

ती दुपारपर्यंत तशीच बसली. पण सोनी सुलभाच्या आईपाशी अकलोलीला होती, तिला परत जाणं भाग होतं. बाटली तिच्या पोटाशी, म्हणून मीही निघाले. एसटीत ती खिडकीशी बसली, दोन्ही हात पोटावर. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "कितवा?" सुलभा माझ्याकडे बघून म्हणाली, "तिसरा आज सरेल." तिला तीन दिवस म्हणायचं होतं. म्हातारीने समाधानाने मान हलवली.

अकलोलीची ती संध्याकाळ माझ्या आयुष्यातल्या सगळ्या परिषदांपेक्षा मोठी आहे. गरम पाण्याच्या कुंडांवर वाफेचा पडदा उभा होता. थंडी नदीवरून यायची आणि कुंडाच्या काठाशी येऊन विरघळायची. आम्ही काठावरच्या कोमट दगडांना पाठ टेकून बसलो. सुलभाच्या आईने बाटली आपल्या पोटाशी घेतली आणि सुलभाने सोनीला कुंडात उतरवलं. पाण्यात सोनीची मान सावरायची. ती दोन्ही हातांनी वाफ धरायला बघायची, मूठ उघडून आत काही नाही हे पाहायची आणि खदखदून हसायची. पुन्हा धरायची.

"बाई," सुलभा म्हणाली, "बाटलीत ते हायेत, ते त्यांना कळतंय का, की ते हितं हायेत?"

"नाही गं."

"बरं हाय," ती म्हणाली. "आले नसते."

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "त्यांच्याकडूनच आलं असं निघालं तर?"

"तर तुझ्यावरचा ठपका जाईल."

"आनि त्यांच्यावर येईल." ती सोनीच्या पाठीवर पाणी सोडत होती. "माझ्यावर आला तवा कसं झालं ते माला ठाऊक हाय. तसं कुनाला होऊ नये. पन माला घरी बी जायचंय."

मी काठावरून वाकून सोनीच्या खांद्यावर ओंजळभर पाणी सोडलं.

शुक्रवारी सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही परतलो. वीज आली नव्हती. विष घातलं, पेशी थांबवल्या. नळ्या फिरवायचं यंत्र हाताचं होतं, ते सुलभाने फिरवलं. काचेवर थेंब सोडला. सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद, म्हणून त्याचा जुना आरसा बसवला आणि खिडकीतून येणारं ऊन त्यावर घेतलं. गावभर माग थांबलेले. त्या उन्हात दत्ताची गुणसूत्रं दिसली. अशी स्वच्छ, अशी निश्चल पसरलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मोजली. पंचेचाळीस. पुन्हा मोजली. चौदावं आणि एकविसावं एकमेकांना जोडून उभी होती.

पुढे या कुटुंबावर मी परदेशी नियतकालिकात लिहिलं. पद्धतीच्या परिच्छेदात नेहमीचं वाक्य घातलं, की पेशी शरीराच्या तापमानाला वाढवल्या. एका शास्त्रज्ञाने कळवलं की तुमच्या आकृत्या फारच सुबक आहेत, उबवणीचं यंत्र कोणत्या बनावटीचं? मी उत्तर दिलं, स्थानिक.

यासीनभाईंकडून फोटो तयार होऊन आल्यावर मी दत्ता आणि सुलभा, दोघांना बोलावलं. परत बोलवू नका म्हणालेला दत्ता आला. कागद पुढे ठेवला. तो फिटर, त्याची नजर नेमकी जोडलेल्या जागी गेली.

"हे दोन सांधलेत."

"हो."

"कुनाचं हे?"

"तुमचं."

त्याने कागद जवळ ओढला. मग स्वतः बोट ठेवत मोजायला लागला. "एक कमी हाय मॅडम."

"कमी काही नाही, दत्ताभाऊ. तुमच्यात सगळं आहे. दोन दोरे सांधलेले आहेत, एवढंच. तुम्हाला त्याने काही होत नाही, होणारही नाही. मुलांना देताना अडचण येते."

"मी केलं का काय? मशिनीत काम करून?"

"नाही. जन्मतःच आहे. तुम्ही काही केलं नाही, सुलभानेही काही केलं नाही."

सुलभा खाली बघत होती. तिने विजयाचा एक शब्दही काढला नाही. उठताना फक्त म्हणाली, "घरी सांगायचं का न्हाय ते तुमी ठरवा. मी कुनाला बोलनार न्हाय." आणि ती अकलोलीच्या गाडीकडे गेली. दत्ता तिथेच बसून राहिला. संक्रांत जवळ आली होती.

त्याने घरी सांगितलं. कसं सांगितलं ते मला माहीत नाही. पण बैठकीच्या आदल्या दिवशी अनसूयाबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. हिरवं लुगडं, करकरीत आवाज.

"तू काय गं बाय, माझ्या सोन्यासारख्या पोराला बट्टा लावतेस? कागदावर आळ्या काढून?"

मी त्यांना बसायला सांगितलं. बसल्या नाहीत. मी सोनीचा, सुलभाचा आणि दत्ताचा, तिन्ही फोटो टेबलावर मांडले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. सोप्यात सोपं करून. त्या मधे मधे तोडत होत्या. मग मी म्हणाले, "असे सांधे घराण्यात चालत येतात, काकू. अशा घरात बायकांची मुलं पोटातच जातात, कधी एक, कधी अनेक."

गल्लीत माग चालू होते, टेबलावरच्या काचा बारीक किणकिणत होत्या. त्या हळूच स्टुलावर टेकल्या.

"माझी चार गेली," त्या म्हणाल्या. "दत्त्याच्या आधी. दत्त्याच्या बापानं एक शबुद काढला न्हाय, पन सासू माला गोठ्यात निजवायची. म्हनायची, हिची सावली पडाया नको."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

त्यांनी पदर बाजूला केला, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात टेबलावर ठेवला. "माझं बी काढ."

"गरज नाही, काकू. तुमचं वय झालं, तुम्हाला आता त्याचा उपयोग..."

"काढ म्हनलं ना."

मी रक्त घेतलं. त्या सुईकडे एकटक पाहत होत्या. बैठक दोन आठवडे पुढे ढकलल्याचं मला यासीनभाईंकडून कळलं.

पुढच्या शुक्रवारी त्या स्वतःहून आल्या आणि मी काच लावत असताना माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या. मी मोजलं. मग त्यांना स्टुलावर बसवलं आणि डोळा कुठे लावायचा ते दाखवलं. पुष्कळ वेळ त्यांना काही दिसेना. मग दिसलं.

"ही मीच का?"

"तुम्हीच."

"आनि तो सांधा?"

"आहे. तुमच्याकडून दत्ताला आला."

मला भीती होती की त्या मोडून पडतील. त्यांनी डोळा नळीवरून काढला नाही. "म्हंजे माझ्या आईकडनं आला आसंल."

"आईकडून किंवा वडिलांकडून. सांगता येत नाही."

"आनि त्यांच्या मागल्याकडनं."

"असेल."

"मंग माझ्यावर कुनाचा शाप न्हवता."

"नाही, काकू. नव्हता."

त्या उठल्या. डोळे पुसले नाहीत. मला वाटतं ते ओले झालेत हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. चप्पल घातली आणि निघाल्या. मला वाटलं घरी गेल्या असतील. त्या गेल्या स्टँडवर, आणि अकलोलीला नेणाऱ्या वज्रेश्वरीच्या गाडीत बसल्या.

पुढचं मला सुलभाने सांगितलं. ती अंगणात सोनीचे केस विंचरत होती. म्हातारी कवाडाशी येऊन उभी राहिली. आत या म्हटलं तरी आत येईना. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "सुलभे, कपडं भर. तुझ्यात न्हाय ते. माझ्यात हाय."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करनार बाई," सुलभा म्हणाली. "उन्हातनं आली होती. आधी बसायला पाट दिला."